मीठ सोडून धावले ती शर्यत

जावेने माझं नाक दाबलं. श्वासासाठी मला तोंड उघडावं लागेल आणि मग मिठाचं पाणी आत ओतता येईल, असा तिचा विचार होता. मी तोंड उघडलं आणि तिच्या बोटाला चावले.

"चाव," ती म्हणाली. "दुसरं बोट पण देते. पण गीळ."

मी गिळलं नाही. पाणी हनुवटीवरून गळ्यात आणि तिथून टीशर्टात गेलं.

आमच्या उमेळे गावाच्या बाहेर, मिठागरांच्या रस्त्याला मी धुळीत बसले होते. दोन्ही अंगांना मिठाचे ढीग होते आणि त्यांच्यावरून येणारं ऊन डोळ्यांत टोचत होतं. डोकं फुटेल असं दुखत होतं. दोनदा उलटी झाली होती, नुसत्या पाण्याची. बोटं सुजली होती आणि लग्नाची अंगठी मांसात रुतली होती. छातीवर कागदाचा नंबर होता, तो कशासाठी ते मला कळत नव्हतं. मी बाजारातून येतेय आणि टोपली कुठेतरी राहिलीय, असं मला वाटत होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी टोपली विचारत होते, हे नंतर जावेने सांगितलं. मला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. मीठ तोंडात घ्यायचं नाही. घेतलं तर मूल जाईल.

आणि हे मी मोठ्याने बोलले. तोवर ते कुणालाच माहीत नव्हतं.

ती शर्यत म्हणजे आधी समुद्रात पोहणं, मग सायकल, मग धावणं, सगळं एका दिवसात, एकामागून एक. ट्रायथलॉन म्हणतात. दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती आणि मी पन्नाशीला आले होते. माझी शाळा चौथीपर्यंत. असल्या शर्यतीत मी कशी शिरले हे लोक अजून विचारतात, म्हणून सांगते.

नवरा गेला तेव्हा वाडीतली केळी आणि भाजी बाजारात न्यायला माणूस उरला नाही. दीर नोकरीला जायचे. डोक्यावर टोपली घेऊन चालत गेलं की अर्धा दिवस जायचा. मग मी नवऱ्याची सायकल काढली आणि मागे केळीचे घड बांधून न्यायला लागले. पहिले काही महिने लोक हसले. नंतर सवय झाली, त्यांना आणि मला. पोहायला मी लहानपणी माहेरच्या बावखलात शिकले होते. बावखल म्हणजे वाडी शिंपायला खणलेलं तळं, आमच्याकडे ती पुष्कळ होती. धावणं तेवढं नवीन होतं. गावात एक निवृत्त सर होते, शाळेत कवायत शिकवलेले. त्यांनी मला लादलेल्या सायकलवर चढ चढताना पाहिलं आणि चर्चच्या सणाच्या खेळांत पळायला लावलं. मी पहिली आले. बाकीच्या दोघी हसत हसत पळत होत्या, म्हणून. बक्षीस स्टीलचा डबा मिळाला.

त्यानंतर सर रोज सकाळी दारात उभे राहायचे. मुंबईच्या एका मंडळाने आमच्या भागात लांबची शर्यत ठेवली तेव्हा त्यांनीच माझं नाव घातलं. म्हणाले, "बाई, तुमच्या वयाची एकही बाई नाही. तुम्ही शेवटच्या आलात तरी पहिल्या."

मला ते खरं वाटलं नाही, पण नाही म्हणायलाही सुचलं नाही. घरात बसून मी काय करणार होते.

शर्यत उपवासकाळात आली. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आम्ही काहीतरी सोडतो. कुणी मटण, कुणी चहा, कुणी दारू. काय सोडलं ते सांगत फिरायचं नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. सांगितलं की त्यातलं काही उरत नाही. त्या वर्षी मी मीठ सोडलं.

कारण माझी मुलगी. ती लग्न होऊन बोळिंजला फ्लॅटमध्ये राहायची. तिची दोन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी डॉक्टरने तिला पलंगावरून उठायला बंदी केली होती आणि दिवस ईस्टरच्या आसपासचे होते. मी तिच्यासाठी काय करू शकत होते. डबा न्यायचे, पाय चेपायचे. दुसरं काही हातात नव्हतं. म्हणून मीठ. मटण मी तसंही फार खात नव्हते, ते सोडणं म्हणजे देवाला फसवणं झालं असतं.

मीठ सोडणं बोलायला सोपं आहे. पाव गेला, कारण पावात मीठ असतं. सुकी मासळी गेली, लोणचं गेलं. भात, दूध, गूळ, केळी राहिली. आमचं स्वयंपाकघर एकच होतं, त्यामुळे जावेला लपवणं शक्य नव्हतं. भाजीत मीठ घालायच्या आधी मी माझी वाटी काढून घ्यायचे. तिने दोन दिवस पाहिलं.

"मीठ काय, बाय?" तिने विचारलं.

"आपलं काम कर."

"करते. पण त्या पळापळीत मरशील."

"मेले तर तुला स्वयंपाकघर मोकळं."

"स्वयंपाकघर घेऊन काय करू? भांडी कोण घासणार?"

तिने कारण विचारलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. आमच्यात ते विचारत नाहीत. सरांना मी काहीच बोलले नाही. ते म्हणायचे, उन्हात पळायचं तर पाणी प्यायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं, रस्त्यावर पाण्याची टेबलं मांडतात त्या प्रत्येक टेबलावर प्यायचं. ते मी ऐकलं. पाण्याने कुणाचं वाईट होतं हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं.

एक खूण मला दिसली होती. आधी धावून आले की टीशर्ट वाळल्यावर पाठीवर पांढरे पट्टे यायचे, घामाचं मीठ. उपवासकाळात काही दिवस गेले आणि ते यायचे बंद झाले. धुवायला बरं, एवढंच मला वाटलं.

शर्यतीच्या दिवशी समुद्र खवळलेला नव्हता, पण समुद्र तो समुद्र. बावखलात पाणी एका जागी असतं, तुम्ही पुढे गेलात की पुढे जाता. इथे हात मारला की लाट परत मागे आणायची. मला सगळ्यात जास्त काळजी तोंडात जाणाऱ्या पाण्याची होती. समुद्राचं पाणी खारट. ते पोटात गेलं तर व्रत मोडतं की नाही? आदल्या आठवडाभर मी यावर विचार केला होता. जेवणात घेतलेलं मीठ वेगळं, नकळत गेलेलं वेगळं, असं ठरवलं होतं. तरी प्रत्येक वेळी मी थांबून थुंकत होते. बाजूने जाणारा एक मुलगा म्हणाला, "काकी, बरं नाही का? होडी बोलावू?" मी म्हटलं, "तू पोह." माझ्यामागे पाण्यात फक्त दोघे उरले होते तेव्हा मी बाहेर आले. पायाखाली वाळू आली तरी ती हलते आहे असं वाटत होतं.

पोहण्याच्या कपड्यांवर मी अर्धी पँट आणि टीशर्ट चढवला. किनाऱ्यावर आमच्या गावच्या दोन म्हाताऱ्या बघायला आल्या होत्या. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्यांनी गुडघे पाहिले नव्हते असं नाही. सगळ्या एकाच बावखलावर कपडे धुवायचो.

सायकल सरांच्या पुतण्याची होती, गियरची. मला माझी जड सायकल बरी वाटायची, पण सर म्हणाले तिच्यावर नव्वद किलोमीटर गेलात तर रात्र होईल. किनाऱ्यावरून बोळिंज, तिथून हायवे ओलांडून कामण, आणि परत. असं दोनदा. बोळिंजला मुलीच्या बिल्डिंगखालून रस्ता जात होता. तिला मी बजावलं होतं, उठून गॅलरीत यायचं नाही. ती आली नाही. जावई उभा होता. त्याने वरून हात केला आणि मी मान हलवली. पोटावर हात ठेवून ती आत पडली असेल, हे मला माहीत होतं. दुसऱ्या फेरीला मी वर बघितलं नाही.

कामणच्या बाजूला गोदामांचे ट्रक होते. ते जवळून गेले की सायकल एका बाजूला ओढली जायची. तोंडात धूळ. दर टेबलावर पाणी घेत होते, टेबलावरची मुलं खारं लिंबूपाणी पुढे करायची, मी साधं मागायचे. एकाने मीठ लावलेला उकडलेला बटाटा दिला. मी नको म्हटलं. "आंटी, खा ना, ताकद येईल," तो म्हणाला. माझ्याकडे घरची सुकेळी होती, राजेळी केळी उन्हात सुकवून करतो ती. तीच चघळत राहिले. गोड खाऊन खाऊन तोंडाला कंटाळा आला. त्या बटाट्याचा वास मात्र कितीतरी अंतर माझ्याबरोबर आला. आयुष्यात मला कशाचा एवढा हेवा वाटला नव्हता.

सायकलवरून उतरले तेव्हा मी ठीक होते असं माझं मत आहे. जाऊ म्हणते नव्हते. माझा चेहरा सुजला होता आणि मी तिच्याकडे बघूनही तिला ओळखलं नाही. ती घरून उमेळ्याच्या वळणावर येऊन उभी होती, कारण धावण्याचा रस्ता आमच्या घराजवळून मिठागरांकडे जात होता. मला आठवतंय ते एवढंच की पाय उचलायचा आणि टाकायचा. कंटाळा म्हणजे काय ते मला त्या रस्त्यावर कळलं. दुखणं वेगळं. दुखलं की माणूस जागा तरी असतो. हे म्हणजे आपलं अंग दुसऱ्या कुणाचं तरी आहे आणि ते आपल्याला पोचवायला सांगितलंय, असं होतं. तहान नव्हती तरी प्रत्येक टेबलावर मी पाणी प्यायले. सर बाजूने सायकलवर चालले होते आणि सांगत होते, "प्या, बाई, प्या." ते चांगल्या मनाने सांगत होते.

मग मी रस्ता सोडून मिठागराच्या बांधाकडे वळले, कारण मला बाजार तिकडे आहे असं वाटलं. सरांनी दंड धरला. मी त्यांना शिवी दिली. मी सरांना शिवी देणं शक्य नाही, पण दिली.

जाऊ धावत आली. मंडळाची गाडी मागून आली, तिच्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने कपाळाला हात लावला, उन्हाचा त्रास आहे म्हणाली, सावलीत न्या, पाणी पाजा. सरांनी बाटली उघडली.

तेव्हा मी ते मुलाचं बोलले. डॉक्टरणीला वाटलं मी बरळतेय. बरळतच होते. पण जावेला कळलं. तिला माझी मुलगी माहीत होती, ती गेलेली दोन माहीत होती, आणि रोज बाजूला काढलेली वाटी माहीत होती. तिने सगळं एकत्र लावलं.

कुणाचा त्याग असा चारचौघांत बोलून दाखवणं आमच्यात फार वाईट समजतात. जाऊ माझ्यापेक्षा भाविक होती, उपवासकाळात चर्चमध्ये एकही मिस्सा चुकवायची नाही. ती नंतर मला म्हणाली की तिथे उभी राहून तिने मनात एकदा देवाची माफी मागितली आणि मग तोंड उघडलं.

"हिने राखेच्या बुधवारपासून मिठाचा कण खाल्लेला नाही," ती म्हणाली. "पाणी देऊ नका."

डॉक्टरणीचा चेहरा बदलला. "आज पाणी किती प्यायल्या?"

सर म्हणाले, "सगळ्या टेबलांवर. मीच सांगितलं होतं."

डॉक्टरणीने त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि ओतून टाकली. तिने माझी बोटं दाबून पाहिली, डोळ्यांत बघितलं. अंगात पाणी फार झालंय आणि मीठ उरलेलं नाही, असंच राहिलं तर मेंदूला सूज येईल, झटके येतील, असं तिने जावेला सांगितलं. गाडी वळेपर्यंत थोडं मीठ घट्ट कालवून पाजता आलं तर पाजा म्हणाली. पेला टेबलावरचा, आणि मीठ कुणीतरी ढिगावरून मूठभर आणलं, काळपट, खडबडीत. त्यानंतरचं नाक दाबणं आणि चावणं वर सांगितलंच आहे.

"मूल जाईल गो," मी म्हणत होते.

"मूल तुझ्या जिभेवर बसलंय काय?" जाऊ म्हणाली. "सकाळी एवढा समुद्र गिळलास तेव्हा चाललं?"

"थुंकले."

"सगळा?"

ती तशी बोलत होती आणि रडत होती. हे मला सरांनी सांगितलं. ती स्वतः कबूल करत नाही.

गाडीत मला झटका आला. ते मला आठवत नाही. पुढचं आठवतं ते हॉस्पिटलचं छत. अंगठी पकडीने कापून काढली होती. हातात सुई होती आणि वर बाटली लटकत होती. जाऊ स्टुलावर बसली होती, तिच्या बोटाला पट्टी होती.

"ते काय आहे?" मी विचारलं.

"सलाईन."

"त्यात काय असतं?"

तिने वर बाटलीकडे बघितलं. मला खोटं सांगावं की खरं, याचा ती विचार करत होती.

"मीठ," ती म्हणाली. "साधं नाही, घट्ट मिठाचं लावलंय."

मी सुई ओढायला हात उचलला. तिने तो धरून ठेवला. तिचा हात माझ्यापेक्षा जड होता, आणि माझ्यात भांडायला काही उरलं नव्हतं.

"तोंडातून घेतलेलं नाही ना," ती म्हणाली. "शिरेतून गेलंय. तू खाल्लं नाहीस, त्यांनी घातलं. हिशोब त्यांच्या नावावर."

"देवाने सांगितलं तुला?"

"तुला सांगितलं होतं मीठ सोड म्हणून?"

मी भिंतीकडे तोंड करून पडले.

मुलीला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. जावयाने सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नाही. तिने पलंगावरूनच मला फोन केला.

"आई, कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही."

"मी इथे हलत नाहीये, शिंकायला भितेय, आणि तू तिकडे रस्त्यावर मरायला निघालीस. बाळ झालं असतं आणि मला सांगितलं असतं आजी नाही. चाललं असतं मला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता मीठ खातेस की नाही?"

"खाते."

"काकीला फोन दे."

काकीने सांगितलं, खाते, मी समोर बसून घालते. आणि खरोखरच बसायची. घरी आल्यावर दुपारी आणि रात्री माझ्या ताटासमोर बसून ती भाजी चाखायची आणि मग माझ्याकडे सरकवायची. खारट लागायचं. इतके दिवस न खाल्ल्यावर मीठ जिभेला झोंबतं. प्रत्येक घासाला मला वाटायचं की मी बोळिंजच्या त्या पलंगावरचं काहीतरी खातेय. तरी गिळत होते. न गिळून पुन्हा त्या स्टुलावर तिला बसवायची माझी तयारी नव्हती.

फादरना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी गोड सांगितलं असतं, आणि मला गोडाचा कंटाळा आला होता.

सर एकदा येऊन गेले. बराच वेळ खुर्चीवर बसून टोपी फिरवत राहिले. पुढच्या वर्षी असं काही म्हणाले नाहीत. मीच म्हटलं, "सर, ती पुतण्याची सायकल त्या दिवशी परत आणताना गाडीच्या टपावर घासली, रंग गेलाय." ते म्हणाले, "रंग येतो." चहा पिऊन गेले. मी त्यानंतर धावले नाही. भीतीमुळे नाही. दमले होते. ती दमणूक झोपून जात नव्हती. सायकल मात्र चालवत राहिले, कारण केळी स्वतः बाजारात जात नाहीत.

ते उरलेले आठवडे कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. सकाळी उठायचे, फोन वाजला का बघायचे. वाजला की जावेला उचलायला सांगायचे. झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आधीच्या, चर्चमध्ये झावळी हातात घेऊन उभी राहिले आणि मागायला काही सुचलं नाही. माझ्याकडे द्यायला जे होतं ते मोडून झालं होतं. दुसरं काही कबूल करायची हिंमत नव्हती. मी नुसती उभी राहिले. शेजारी जाऊ मोठमोठ्याने गात होती, दोघींच्या वाटणीचं.

ईस्टर झाला. पाव आला, मटण शिजलं, मी जेवले. मुलीचं अजून काही नव्हतं.

त्यानंतर एका दुपारी जावयाचा फोन आला, तिला हॉस्पिटलमध्ये नेतोय म्हणून. मी आणि जाऊ रिक्षाने बोळिंजला गेलो. वाटेत ती एकदाच बोलली, "पाणी घेतलंस का?" आणि लगेच जीभ चावली. हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. जावई चकरा मारत होता, त्याला मी बस म्हटलं, तो बसला आणि पुन्हा उठला. नर्स आत-बाहेर करत होती आणि आमच्याकडे बघत नव्हती. मला त्या मिठागराच्या रस्त्यासारखंच वाटत होतं, अंग आपलं नाही आणि ते कुठेतरी पोचवायचंय.

संध्याकाळी नर्स आली आणि या वेळी तिने आमच्याकडे बघितलं. मुलगी झाली होती. लहान होती, पण रडत होती, बाहेर ऐकू येत होतं. आईला रक्त द्यावं लागलं.

दोघी जगल्या. मीही जगले.